अनुक्रमांक सतरा

अर्जावरच्या ‘यापूर्वी लढवलेल्या निवडणुका’ या रकान्यापाशी एकनाथरावांचं पेन थांबलं. असले अर्ज त्यांनी आयुष्यात शेकड्यांनी तपासले होते. आपला स्वतःचा भरायची वेळ मात्र वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी प्रथमच आली होती. त्यांनी जरा विचार करून ‘निरंक’ असं लिहिलं आणि खाली सही केली.

सोलापुरात सरकारी कचेरीत त्यांची बत्तीस वर्षं कारकुनी झाली. निवडणूक कोणतीही असो, ग्रामपंचायतीची की लोकसभेची, एकनाथरावांची ड्यूटी ठरलेली. आधी कचेरीत उमेदवारांचे अर्ज तपासायचे, मग केंद्रावर मतदारांची नावं पुकारून बोटाला शाई लावायची. किती बोटं त्यांच्या हाताखालून गेली याला गणती नव्हती. सरकारी नोकराला उभं राहता येत नाही, आणि येत असतं तरी ते राहिले नसते. वर्गात हात वर करायलाही ते लाजत, असं त्यांची बायको लीला सांगायची. दोघं एकाच शाळेतली.

आता ते उभे होते ते मुरमाळ नावाच्या देशात. मंद्रूपच्या पुढं शिवानंद सरांचं तीन एकर मुरमाड रान होतं. सर भूगोलाचे शिक्षक. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथं कडुलिंब लावले, बोअर पाडलं आणि एका पंधरा ऑगस्टनंतरच्या रविवारी मित्रांसमोर जाहीर केलं, की हा आजपासून एक छोटा देश. चेष्टेत सुरू झालेल्या त्या देशाला घटना झाली, झेंडा झाला, शिक्के झाले. सावली पक्ष आणि पाणी पक्ष असे दोन पक्षही झाले. भारत सरकारला याचा पत्ता नव्हता, आणि मुरमाळचे नागरिकही आपापला कर भारतालाच भरत होते. निवृत्त मास्तर, कारकून, दुकानदार अशी शंभरएक माणसं. सतरा नंबरचं नागरिकत्व लीलाबाईंनी घेतलं होतं, आणि अठरावं त्यांनी हट्टानं नवऱ्याला घ्यायला लावलं होतं. मतदारयादी ठेवायचं काम अर्थातच एकनाथरावांकडं आलं.

पण यंदा चेष्टा उरली नव्हती. शिवानंद सर थकले होते, मुलीकडं धारवाडला निघाले होते. बहुमत सावली पक्षाचं होतं, म्हणून त्या पक्षाचे सभासद ज्याला नेता निवडतील तो मुरमाळचा प्रधान, आणि रानाच्या फाटकाची किल्ली त्याच्या हातात, असं त्यांनी ठरवलं. उभे राहिले बार्शीचे सयाजीराव. माणूस दिलदार होता. बोअरची मोटर त्यांनीच बसवून दिली होती. त्यांचं म्हणणं, रानाला कुंपण घालू, तंबू लावू, शहरातली माणसं येतील, देश नावारूपाला येईल. शेजारच्या वस्तीवरच्या बाया बोअरवर पाणी भरायला येत, ते मात्र बंद करावं लागेल. तंबूंना पाणी पुरायला हवं.

एकनाथरावांना ते पटेना. बैठकीत ते उठले, घशाशी आलेलं कसंबसं बाहेर काढलं. ज्या देशाला शेजाऱ्याच्या घागरीची भीती वाटते त्याला देश कशाला म्हणायचं, एवढंच बोलले आणि बसले. मागच्या रांगेतून कुणीतरी त्यांचंच नाव सुचवलं.

मुलगा आशिष पतपेढीत नोकरीला होता. वडिलांच्या या देशाला तो कायम हसत आलेला. पण त्या महिन्यात त्यानं वेगळंच पाहिलं. अण्णा रोज सकाळी बस धरून एकेका सभासदाच्या घरी जात, उंबऱ्यात चप्पल काढून बसत आणि त्याचं म्हणणं वहीत उतरवून आणत. विरोधात बोललेल्यांचंही. आशिषचं हसणं हळूहळू बंद झालं.

मतदान पोस्टकार्डानं होतं. कार्डावर अनुक्रमांक, सही आणि मत. मोजणी रविवारी सकाळी लिंबाखाली. उमेदवार असले तरी यादीवर खुणा करायचं काम एकनाथरावांनीच करावं, असं खुद्द सयाजीराव म्हणाले. त्यांच्याइतका भरवशाचा माणूस दुसरा कोण, असं सगळ्यांनाच वाटत होतं.

शिवानंद सर एकेक कार्ड उचलून क्रमांक आणि मत वाचत, आणि कार्ड एकनाथरावांकडं सरकवत.

“सतरा. मत एकनाथराव.”

एकनाथरावांनी कार्ड हातात घेतलं. अक्षर लीलाबाईंचं होतं. ‘ल’चं शेपूट तसंच वर वळलेलं. लीलाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती.

मग त्यांच्या लक्षात आलं, की तसा ‘ल’ घरात आणखी एक जण काढतो. त्यांनी मान वर केली. लिंबाच्या बुंध्याला टेकून आशिष उभा होता आणि भलतीकडंच बघत होता.

पुढचं कार्ड वाचलं गेलं, त्याच्या पुढचं वाचलं गेलं. एकनाथराव खुणा करत राहिले. बोलायला हवं होतं, पण ते बोलले नाहीत. शेवटची दहा-बारा कार्डं तशीच गेली. सरांनी बेरीज सांगितली, एकोणतीस विरुद्ध अठ्ठावीस. एकनाथराव निवडून आले होते. टाळ्या पडल्या, सयाजीराव हात मिळवायला पुढं आले.

एकनाथराव उठून उभे राहिले. “थांबा. सतरा नंबरचं मत बाद करा.”

सरांनी विचारलं, कुणाचं ते?

“माझ्या मंडळींचं. त्या नाहीत, हे तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. यादीतून त्यांचं नाव कमी करायचं काम माझं होतं. दोन वर्षं माझ्याच्यानं ते झालं नाही.” कार्ड कुणी लिहिलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

त्यांनी लाल पेन काढलं, खाली बसून पट्टी लावली आणि ‘लीला’ या नावावर एक सरळ रेघ ओढली. समासात ‘मयत’ लिहून तारीख घातली.

आता अठ्ठावीस-अठ्ठावीस झाले. घटनेप्रमाणं चिठ्ठी टाकायची, नाव निघेल तो प्रधान. चिठ्ठी उचलणारा परका हवा, म्हणून पाणी भरायला आलेल्या वस्तीवरच्या चन्नम्माला हाक मारली. तिनं पदराला हात पुसले आणि तांब्यातली एक चिठ्ठी काढली. तिला वाचता येत नव्हतं. जवळ एकनाथराव होते, तिनं त्यांच्याच हातात दिली.

एकनाथरावांनी चिठ्ठी उलगडली आणि मतदान केंद्रावर नाव पुकारायचे तशा स्वच्छ आवाजात वाचली. “सयाजीराव.”

परतीच्या वाटेवर आशिषनं गाडी बाजूला घेतली. मागं वळून न बघताच म्हणाला, “ते कार्ड माझं होतं, अण्णा.”

“माहीत आहे.”

“आयुष्यात एकदा तरी तुम्ही निवडून यावंत, असं वाटलं.”

एकनाथराव म्हणाले, “आलो होतो की. पाचेक मिनिटं होतो.” आणि त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात घर येईपर्यंत तिथंच होता.

दिवाळीच्या आत कुंपण झालं, तंबूही लागले. पण सयाजीरावांनी एक नळ कुंपणाबाहेर काढला, सकाळी सहा ते आठ वस्तीसाठी. तो कसा निघाला याची चर्चा बरीच झाली. त्या रविवारनंतर प्रधानांना झोप नव्हती, असं त्यांच्या घरचे सांगत. एकनाथरावांनी आपली सभासदांची वही तेवढी त्यांच्याकडं नेऊन दिली होती, बाकी काही बोलले नव्हते.

पौषातल्या एका सकाळी यादीच्या कामासाठी ते रानात गेले. नळावर चन्नम्मा होती. तिला आता कुणीतरी सगळं सांगितलेलं दिसत होतं.

“त्या दिशी मी चुकीची चिठ्ठी काडली व्हय ओ?” तिनं विचारलं. “दुसरीत तुमचं नाव हुतं म्हणं.”

“चिठ्ठी चुकीची नसते, बाई. तुम्ही बरोबर काढलीत.”

घागर काठोकाठ भरून वाहायला लागली होती. एकनाथरावांनी नळ बंद केला, बाह्या मागं सारल्या आणि वाकून घागरीला हात घातला. “उचला,” ते म्हणाले, आणि दोघांनी मिळून ती तिच्या डोक्यावर चढवली.