पंखावरचा ‘उ’

…‘उ’. पेन्सिलीचा, पुसट, शेपटी जरा जास्तच ओढलेला, नवऱ्याच्याच हातचा. त्याच्या अर्धवट राहिलेल्या छोट्या विमानाच्या, हलक्या लाकडाच्या त्या लांब, अखंड पंखाच्या एका टोकाशी एवढं एकच अक्षर होतं, आणि ते दिसताच तिला हायसं वाटलं, कारण ही खूण तिच्या ओळखीची. साध्या कापडाच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, म्हणून बेतताना उलट बाजूवर खडूने ‘उ’ घालायचा. सारा जन्म शिवणयंत्रावर गेला, एवढंही कळू नये मला? म्हणजे ‘उ’ची बाजू खाली.

पण पंख धडावर बसेना. बैठक सपाट आणि पंखाची बाजू फुगीर — नुसता डुगडुगत राहिला. मुंढ्यात बाही बसत नसली की ती मुंढाच थोडा कोरून घ्यायची, तसंच तिने पॉलिश पेपरने धड घासलं, खोलगट केलं, डिंक लावला, टाचण्या खोचल्या आणि सुकेपर्यंत तळव्याने दाबून धरलं… आतल्या खोलीत नवरा पडला होता. झटक्याने उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. तोंडात उरला तो एवढाच ‘उ’. पंख तेव्हापासून तसाच सुटा राहिला होता. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली होती, “काकू, आवडतं काम पुरं झालेलं दिसलं ना, की कधीकधी शब्द फुटतो.” कधीकधी! तेवढ्यावर तिचा जीव टांगणीला लागला होता. एक शब्द. मग शिवी का असेना.

“अहो, बघा. झालं तुमचं विमान.”

तो बघत राहिला. मग डोळे भरून आले — आनंदाने, असं तिने लगेच ठरवून टाकलं.

“उ… उ…”

“हो, उडेल की!”

त्याने नकारार्थी मान हलवली. डावा हात पांघरुणावरून सरकत सरकत लुळ्या हातापाशी गेला, त्यावर थापटू लागला. दुखतंय म्हणून तिने तो हात चेपायला घेतला; त्याने तो तिच्या हातातून सोडवला, पंखाच्या टोकाकडे बोट केलं आणि पुन्हा उजव्या दंडावर थापटलं. उजवा… उजवा हात… उजवा पंख! विमानाला उलट बाजू कुठली, त्याला उजवी असते. अक्षर वर राहायचं, फुगवटाही वर राहायचा. तिने पंख उताणा बसवला होता. डिंक दगडासारखा झाला होता आणि धड तर तिनेच कोरून ठेवलं होतं. पंख काढला तरी आता सरळ बसणार नव्हता.

एका विमानाचं काय एवढं… पण विमानाचं नव्हतंच. झटका आल्यापासून तो ‘उ’ म्हणायचा आणि ती म्हणायची उशी, उकडतंय, उजेड, उचकी, पंखा लावायची, पडदा ओढायची, आणि तो गप्प झाला की समाधानाने शेजारणीला सांगायची, “मला बरोबर कळतं त्यांचं.” तो गप्प व्हायचा, तो उशी मिळाल्यामुळे की… बायकोपुढे हात टेकून?

“उ…” तो म्हणाला. आता थापटत नव्हता. विमानाकडेही बघत नव्हता. तिच्याकडे बघत होता.

उलगड. उसव. उपकार कर… ती एकेक शब्द लावून बघत होती आणि एक शब्द मागे ढकलत होती. बाहेर निघताना तिचं आवरता आवरत नसे, तेव्हा दारात किल्ली वाजवत हा ओरडायचा — उरक गं, उरक आता! आणि ती मुद्दाम पुन्हा केस विंचरायला बसायची.

तिने विमान मांडीवर घेतलं. काय उरकू, हे असं पडून जगणं? — एवढं विचारायला तिची जीभ उचलेना. “उशी हवी ना?” ती म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला पहिल्यांदा खोटा वाटला.