परक्या पायांवरचा पाणबुड्या

मी एक जुना पाणबुड्या आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मित्रांनो, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. मी खरा पाणबुड्या नव्हे. वीतभर उंचीचा, प्लास्टिकचा, हातपाय हलवता येणारा. अशा खेळण्यांना हल्ली ॲक्शन फिगर म्हणतात. आमच्या वेळी मुले नुसते ‘माझा माणूस’ म्हणत.

माझा जन्म कारखान्यात झाला. धड एका साच्यातून निघाले, पाय दुसऱ्यातून, डोके तिसऱ्यातून. मग कमरेत पाय खटकन बसवले गेले आणि अंगावर कापडी पोशाख चढला. शेवटी एका बाईंनी बारीक कुंचल्याने भुवया काढल्या. त्या दिवशी त्यांची मान अवघडली असावी, कारण आमच्या सबंध खोक्याची डावी भुवई जरा वर गेली. तेव्हापासून मी ‘हे खरे का?’ असे विचारत असल्यासारखा दिसतो. चेहऱ्यामुळे स्वभाव असा झाला की स्वभावच मुळात असा होता, हे मला ठरवता आलेले नाही.

त्याच खोक्यातला एक जोडीदार आणि मी, असे दोघे एका घरातल्या दोन भावांकडे आलो. थोरला नऊ वर्षांचा, धाकटा सहाचा. दोघांचे पाणबुडे हुबेहूब सारखे म्हणजे भांडणाला आयते आमंत्रण. दोनच दिवसांत वडील कंटाळले. त्यांनी खिळा तापवला आणि आमच्या तळपायांना भोके पाडली. थोरल्याच्या पाणबुड्याला एकेक, धाकट्याच्या पाणबुड्याला दोन-दोन. मी धाकट्याचा. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे ते ठाऊक असणारा माणूस एकच उरला आणि तो गप्प बसला.

थोरल्याने आपला पाणबुड्या खिडकीत पहारेकरी म्हणून ठेवला. पोशाख काढून, कारण पहारेकऱ्याला उकडते म्हणे. तो दिवसभर उन्हात असायचा. मी मात्र धाकट्याच्या खिशात किंवा उशीखाली. असे पाच-सहा महिने गेले.

एका दुपारी धाकटा झोपला होता. थोरला पडद्याच्या दोरीला आपला पाणबुड्या बांधून त्याला ‘खोल समुद्रात’ सोडत होता. तेवढ्यात वाऱ्याने खिडकीचे दार आपटले. माझ्या जोडीदाराचा उजवा पंजा मनगटापासून तुटून बाहेर पडला. थोरल्याने खिडकीतून खाली वाकून पाहिले. मग त्याचा हात उशीखाली आला. त्याने आमच्या दोघांचे पाय पकडीने ओढून काढले, अदलाबदल करून बसवले आणि दोघांना पोशाख चढवले. मी एका भोकाच्या पायांवर थोरल्याच्या कपाटात गेलो. तुटक्या हाताचा जोडीदार दोन भोकांचे पाय घेऊन धाकट्याच्या उशीखाली गेला.

संध्याकाळी आईने मोडक्या पाणबुड्याचे तळपाय पाहिले आणि धाकट्याकडे वळून निकाल दिला. “मोडलास ना शेवटी! झोपेतसुद्धा हात स्वस्थ नाहीत तुझे.”

धाकटा रडला. पण “मी नाही मोडला,” असे म्हणाला नाही. आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहत राहिला. खरे ठाऊक असूनही मला तेव्हा त्याचाच संशय आला. हा बोलत का नाही?

त्या दिवसापासून तो घरातला ‘धसमुसळ्या’ झाला. रेडिओला त्याने हात लावायचा नाही, घड्याळाला किल्ली त्याने द्यायची नाही. चुलत बहिणीच्या लग्नात सगळ्यांच्या हातून कॅमेरा फिरला, फक्त त्याच्या हातात आला नाही.

थोरले मोठे होऊन ग्रंथपाल झाले. पुस्तके शिस्तीत लावणाऱ्या माणसाला खेळणी जमवण्याचा नाद लागला की काय होते, ते मी पाहिले. आम्ही एकशे चाळीस झालो. प्रत्येकाचे वेगळे कार्ड. पहिले कार्ड माझे. काचेच्या कपाटात मधोमध मी उभा. पाहुणे म्हणत, “वा! इतका जुना आणि इतका धड!” मला ते आवडायचे, खोटे कशाला बोलू? जोडीदार मात्र बुटांच्या खोक्यात होता. धाकट्याने घर सोडताना त्याला मागेच ठेवले होते.

मला बोलता येत नाही, म्हणून मी गप्प राहिलो, असे मी स्वतःला समजावत आलो. पण बोलता आले असते तर बोललो असतो का? मला स्वतःचीच खात्री वाटत नाही.

यंदा थोरल्यांचे गुडघे थकले. जिना नको म्हणून ते आणि त्यांची बायको तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत जाणार होते. तिथे आमच्यासाठी एकच फळी होती, बारा जणांपुरती. थोरल्यांनी नियम केला. जो धड तो राहणार, आणि एकसारखे दोन राहणार नाहीत. तीन दिवस जेवणाच्या टेबलावर आमची तपासणी चालली. भिंगातून सांधे पाहायचे, डोके फिरवून पाहायचे, कार्डावर खूण करायची.

“स्वतःचे गुडघे दाखवायला डॉक्टरकडे जायचं नाही,” त्यांची बायको म्हणाली, “आणि बाहुल्यांचे सांधे तपासताय!”

“बाहुल्या नाहीत गं त्या.”

“बरं बाई, पुरुष बाहुल्या.”

कपाटात त्या तीन दिवसांत कोणी कोणाचे राहिले नाही. अंतराळवीर पैलवानाकडे पाहून मनात त्याच्या भेगा मोजत होता. मी अंतराळवीराचा गळा चिकटवलेला आहे का ते पाहत होतो. अकरा जागा भरल्या. बारावीसाठी थोरल्यांनी मला उचलले, ठेवले, पुन्हा उचलले. मग बुटांच्या खोक्यातून जोडीदाराला काढले आणि फोन लावला.

“छोट्या, तुझा पाणबुड्या अजून माझ्याकडे आहे. रविवारी येऊन घेऊन जा.”

मी मनात म्हटले, अस्से! मोडका घराबाहेर गेला की पुरावाही गेला.

रविवारी सकाळी धाकटे आले. ते कवळ्या बनवतात. दिवसभर प्लास्टरचे जबडे आणि दुसऱ्यांचे दात हाताळणारा हा माणूस त्या घरात खुर्चीसुद्धा जपून ओढत होता. वहिनींनी स्टीलच्या मगात चहा दिला.

“काचेचा कप नाही देत हं भाऊजी, सामान बांधायला काढलंय. त्यात तुमचे हात!”

“बरोबर आहे वहिनी,” ते हसून म्हणाले. पन्नास वर्षे त्या थट्टेला ते असेच हसत आले होते.

आम्ही दोघे खिडकीपाशी, टेबलावर, पोशाखांशिवाय पडलो होतो. धाकट्यांनी चहा ठेवला आणि जोडीदाराऐवजी मलाच उचलले. उजेडाकडे धरले. कपाळाला आठी पडली. मग खिशातून एक पट्टी काढली. तिच्यावर ओळीने दात लावलेले होते, पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत. गिऱ्हाइकाच्या दातांशी रंग जुळवायची ती पट्टी. एक दात माझ्या छातीला लावला, दुसरा मांडीला.

“दादा, याचे पाय याचे नाहीत.”

“जुना आहे रे. रंग उडतोच.”

“उडतो, पण कमरेपाशी रेघ मारून उडत नाही. प्लास्टिक एकदा उन्हात भाजलं की पिवळेपणा आत मुरतो, वर्षानुवर्षं वाढत जातो. माझं रोजचं काम आहे हे.” त्यांनी जोडीदाराला शेजारी धरले. “याचे पाय त्याच्या धडाचे. त्याचे पाय याच्या धडाचे.”

“कारखान्यातच घोळ झाला असेल,” वहिनी म्हणाल्या.

“कारखान्यातून आले तेव्हा दोघांनाही ऊन लागलं नव्हतं, वहिनी. खिडकीत एकच बसायचा. दादाचा.” ते थांबले. “आणि उन्हातलं धड तुटक्या हाताचं आहे.”

थोरले चष्मा काढून पुसत बसले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

“मीच मोडला,” शेवटी ते म्हणाले. “खिडकीचं दार आपटलं. तू झोपला होतास.”

आता धाकटे ओरडतील, असे मला वाटले. ते खुर्चीत बसले.

“मला वाटायचं, झोपेत माझ्याच अंगाखाली चिरडला,” ते म्हणाले. “मी नाही म्हणायचं तरी कसं? मला आठवतच नव्हतं. पोरगी झाली तेव्हा तीन महिने उचलली नाही मी तिला, दादा. बायकोला सांगायचो, पाठ दुखते.”

वहिनींनी समोरचा स्टीलचा मग उचलून आत नेला.

“आईला कधी सांगितलंस?” धाकट्यांनी विचारले.

“नाही.”

“बरं.”

त्या ‘बरं’पेक्षा आरडाओरडा परवडला असता.

धाकट्यांनी गरम पाणी मागितले. आम्हाला कमरेपर्यंत त्यात बुडवले, म्हणजे प्लास्टिक मऊ होते. थोरल्यांनी मदतीला हात पुढे केला.

“राहू दे,” धाकटे म्हणाले. “तू नको हात लावूस.”

किती हलके होते ते हात, मित्रांनो! पाय निघालेले मला कळलेसुद्धा नाही. खटकन आवाज झाला आणि मी माझ्या पायांवर उभा राहिलो. मोडका त्यांनी थोरल्यांपुढे ठेवला. “हा तुझा.”

थोरल्यांनी त्याला बाराव्या जागेवर उभे केले. नियमात बसत नव्हता, तरी केले. माझे जुने कार्ड फाडून नवे घेतले आणि लिहिले, ‘उजवा पंजा नाही. माझ्या हातून मोडला.’ मग पेन तसेच धरून विचारले, “तारीख?”

“त्या वर्षाची घाल. आजची घातलीस तर तेही खोटंच होईल.”

आता मी धाकट्यांच्या कामाच्या टेबलावर असतो, दातांच्या डब्यांशेजारी. अजून एक शंका मला सोडत नाही. आमचे पोशाख आधीच उतरवून, भर उजेडात, रंगांची पारख असणाऱ्या माणसापुढे थोरल्यांनी आम्हाला का ठेवले? चुकून, की आपण होऊन सांगण्याचा धीर होत नव्हता म्हणून? धाकट्यांनाही तोच प्रश्न पडला असावा. परवा त्यांनी फोन हातात घेतला, बराच वेळ धरला आणि मग लावला. “गुडघे कसे आहेत?” एवढेच त्यांनी विचारले.

मित्रांनो, खेळणी जपा असे सगळेच सांगतात. माझे मागणे निराळे आहे. तुमच्या हातून एखादे खेळणे मोडले तर मोडू द्या, पण ते तुमच्याच नावावर राहू द्या. आम्ही तुटक्या हातानेही पन्नास वर्षे उभे राहतो. माणसाचे हात मात्र धड असले तरी, त्यांच्यावर संशय बसला की स्वतःचे मूल उचलायलाही धजत नाहीत.