अक्तोशचा वाटा

बुबूसायरा मानेतली गाठ काढून ओश शहरातल्या इस्पितळातून धडधाकट परत आली, म्हणून सासऱ्यांनी, घरातल्या सगळ्यांच्या अतांनी, मेंढा कापायला काढला. अल्लाने सून वाचवली, तर गावाच्या तोंडी चार घास पडायलाच हवेत. यात वावगं काहीच नव्हतं. घोळ होता तो मेंढ्याच्या छातीत.

दोन वर्षं अख्खं गाव तिच्या मानेकडे बघून डॉक्टरकी करत होतं. गलगंड आहे, आयोडीनचं मीठ खा, आमच्या खोऱ्यात कुणाला नाही? तीही बिचारी मुकाट मीठ खात राहिली. ओशच्या डॉक्टरीणबाईंनी गाठ उघडली, तर थायरॉईडमध्ये निघाली पाण्याची पिशवी, आत जंताची पिल्लावळ.

"मानेत क्वचितच होते ही," बाई म्हणाल्या. "मेंढ्याच्या फुप्फुसातली असली पिशवी कुत्रा खातो. त्याच्या पोटात जंत वाढतात, अंडी त्याच्या केसांना लागतात, तिथून माणसांच्या हाताला आणि तोंडात. घरात लहान मूल आहे का?"

होतं. पाच वर्षांची बेगायिम. तिची सोनोग्राफी झाली, काही सापडलं नाही. "अजून तरी नाही," बाई म्हणाल्या, आणि ते 'अजून तरी' बुबूसायराच्या काळजात रुतून बसलं.

मेंढा नवऱ्याने, कुबातने, सोलला. आतडी-फुप्फुसं धुणं सुनेचं काम. तिने फुप्फुसं हातात घेतली मात्र, बोटांखाली फोड लागले, अक्रोडाएवढे, पाण्याने टरारलेले.

"टाक की ती अक्तोशला," कढईपाशी बसलेली सासू, उल्कान, म्हणाली. "कधीचा जीभ काढून बसलाय."

दारातल्या कुत्र्याच्या, अक्तोशच्या, गळ्यात हात टाकून बेगायिम बसली होती.

"नाही टाकणार, अपा."

"काय म्हणालीस?"

"माझ्या मानेतून निघालं तेच आहे यात."

"अगं, फोड कुठल्या मेंढ्यात नसतात? माझा जन्म गेला कुत्र्यांना घालण्यात. मला झालं का काही?"

"मला झालं ना."

कुबात सुरी पुसत जवळ आला. "आज नको गं. अता पाहुण्यांत बसलेत. उद्या बोलू."

"उद्यापर्यंत ते कुत्र्याच्या पोटात असेल."

आणि तिने फुप्फुसं सरळ कढईखालच्या जाळात लोटली. ओलं मांस चरचरत धुमसू लागलं. असा घाण वास सुटला की खिडकीतून आत गेला आणि सासरे, सत्तारकुल, स्वतः बाहेर आले. सहा वर्षांत तिने त्यांच्यासमोर मान वर केली नव्हती, आवाज तर सोडाच.

"माझ्या दारातला कुत्रा उपाशी, आणि मांस आगीत? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत, अता." तिने त्यांच्या डोळ्यांत बघितलं. राग भीतीपेक्षा मोठा होता. "माझ्यासाठी मेंढा कापलात, तुमचे उपकार आहेत. पण जे काढायला माझा गळा चिरावा लागला, तेच माझ्या पोरीच्या अंगणात पेरू नका. अक्तोशला शिजलेलं मांस घाला, माझ्या वाटचं घाला. हे नाही."

"असली अरेरावी माहेरी जाऊन कर."

"जाईन. याची राख झाल्यावर जाईन."

सत्तारकुल पाय आपटत आत गेले. जेवणं झाली. शेवटी वडीलधाऱ्यांनी दुआसाठी तळवे पसरले. सत्तारकुलांनी पाहुण्यांसाठी मागितलं, मुलासाठी मागितलं, गुराढोरांसाठीसुद्धा मागितलं. जिच्यासाठी मेंढा कापला तिचं नाव तेवढं घेतलं नाही. सगळ्यांनी 'ओमीन' म्हणून तोंडावरून हात फिरवले, पण ते सगळ्यांच्या लक्षात आलं.

बुबूसायराने बाहेर चुलीपाशी ते ऐकलं. तिला फार लागलं. काठीने तिने शेवटचा काळा तुकडा जाळात सारला आणि तो पुरता जळेपर्यंत हलली नाही. मग बेगायिमला हाक मारली, किटलीतल्या कोमट पाण्याने, साबणाने तिचे हात कोपरापर्यंत खसाखसा धुतले.

दुआ द्यायची ती म्हाताऱ्यांनी. त्या घरात सुनेने कधी दिली नव्हती. तिने आपले काजळीने माखलेले तळवे लेकीसमोर पसरले आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या पोरीच्या मानेला कधी सुरी लागू नये."

आत उल्कानच्या हातातला पेला हातातच राहिला.

"ओमीन," बेगायिम ठणठणीत म्हणाली, आणि तिने ओले हात तोंडावरून फिरवले.