भरू न दिलेली जखम

काचघरात टोमॅटोची बारा रोपं रांगेनं उभी होती. प्रत्येकाच्या खोडावर एकसारखा काप, आणि कापाच्या वर-खाली केसासारख्या बारीक तारा टोचलेल्या. रोपाला जखम झाली की त्याच्या अंगातून विजेची लहर धावते. जखम भरत आली की सगळं शांत होतं. त्या लहरींच्या आलेखावर नजर ठेवणं हे तंत्रज्ञ बाईचं काम. सहा रोपांच्या जखमेवर काकांनी शोधलेला लेप लावला होता, सहा तशीच सोडली होती. काका म्हणजे तिचे सख्खे चुलते आणि प्रयोगशाळेचे प्रमुख. तिला या कामात आणलं तेही त्यांनीच.

चौथ्या दिवशी लेपवाली रोपं शांत झाली. उरलेली सहा मात्र रोज दुपारी एक-दहाच्या सुमाराला उसळायची. लेपासाठी याहून चांगला पुरावा कुठला? पण बाईच्या मनात पाल चुकचुकली. जखम काय घड्याळ बघून ठणकते?

तिनं भिंग लावून पाहिलं. सुकत आलेल्या खपलीच्या कडेला ओला, ताजा ओरखडा होता.

किल्ली तिघांकडेच होती. ती, काका आणि माळीबुवा. संशय अर्थातच माळीबुवांवर गेला.

"बुवा, दुपारी रोपांना हात लावता का?"

"दुपारी मी जेवतो, बाई. उगाच चोर सोडून संन्याशाला फाशी नको."

हेही तिला खटकलं. चोराचं नाव काढलं होतं कुणी?

दुसऱ्या दिवशी ती डबा न उघडता खताच्या पोत्यांमागे दबा धरून बसली. एक वाजून गेल्यावर दार उघडलं. काका आत आले, बिनलेपाच्या रोपांपाशी वाकले आणि अंगठ्याच्या नखानं एकेक खपली खरवडू लागले.

"काका!"

ते दचकले, मग हसले. "तू होय! अगं, लेप चांगलाच आहे. फरक जरा ठळक दिसावा, एवढंच. घरातली गोष्ट घरात राहू दे."

"ही घरातली गोष्ट नाही," ती कशीबशी म्हणाली.

अहवालात तिनं सगळं लिहिलं, नावासकट. प्रयोग दुसऱ्या प्रमुखाच्या हाताखाली नव्यानं झाला. या वेळी बाराही रोपं एकाच दिवशी शांत झाली. काकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. काकू फोन करते, पण कुजबुजत.

तिनं माळीबुवांची माफी मागितली.

"असू दे," ते म्हणाले. "मी तरी कुठं शहाणा? ते ओरखडे मीही पाहिले होते. चार दिवस तुमच्यावरच डोळा ठेवून होतो."