वहिनीशिवायचा उन्हाळा

उन्हाळा तोंडावर आला की सिनेमांच्या आधी त्यांची गाणी येऊन थडकतात. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात तर ती सकाळपासून वाजत. काजं-बटणांच्या मशीनवर बसणाऱ्या बाईला सगळ्या मुली ताई म्हणायच्या. चाळिशीला टेकलेली, लग्न न केलेली, आई आणि मोठ्या भावाबरोबर राहणारी ही ताई सिनेमाची इतकी वेडी, की नवीन गाणं लागलं की मुली आधी तिच्या तोंडाकडे बघत. तिने नाक मुरडलं की गाण्याचा निकाल लागला.

त्या वर्षीही मुलींनी विचारलं, सुट्टीत काय काय बघायचं? ताईने बटणं लावता लावता एकेकाची हजेरी घेतली. सूडकथेचा दुसरा भाग येतोय. पहिल्या भागात मेलेला भाऊ जिवंत होणार हे पोस्टरवरूनच कळतंय, आणि गाण्यांच्या नावाखाली नुसते ढोल बडवलेत. अस्वलाचा एक आहे, तो पोरांना दाखवा आणि तुम्ही गार हवेत झोप काढा. पाणबुडीचा मात्र चुकवू नका. त्यात गाणं एकही नाही, पण आतून कोणीतरी लोखंडावर टकटक करतंय एवढ्याच आवाजावर सगळी जाहिरात पेललीय.

"आणि तो दीपस्तंभाचा?" एकीने विचारलं.

"तो बघू," ताई म्हणाली आणि मशीनवर वाकली.

दीपस्तंभाच्या सिनेमाचं गाणं आदल्याच दिवशी आलं होतं. कित्येक वर्षं घरी बसलेल्या एका म्हाताऱ्या संगीतकाराने ते केलं होतं. कडवं संपेपर्यंत बाईचा नुसता आवाज, मग लांबून एक क्लॅरिनेट, आणि शेवटी ध्रुवपद अर्ध्यावरच सोडून दिलेलं. ऐकता ऐकता ताईचा हात आपोआप फोनकडे गेला होता. फोन हातात घेतल्यावर तिला आठवलं, की आता हे सांगायला कोणी नाही.

तिची वहिनी असती तर तिने या एका गाण्यावरून अख्खी गोष्ट सांगितली असती.

वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा पहिले काही दिवस तोंडातून शब्द काढत नव्हती. एकदा दोघी भाजी निवडत असताना रेडिओवर एका न आलेल्या सिनेमाचं गाणं लागलं. वहिनी मान वर न करता म्हणाली, "ही मुलगी तिसऱ्या कडव्याआधी मरणार. बासरी बघा कशी थांबली." सिनेमा आला, दोघी गेल्या, आणि मुलगी मेली. पडद्यावर सगळे रडत होते आणि या दोघी तोंडात पदर कोंबून हसत होत्या. त्याच दिवशी घरी येताना वहिनीने तिला थट्टेने, जुन्या बायकांसारखं ठसक्यात, 'वन्सं' म्हटलं आणि तेच नाव पडलं. 'वन्सं, ऐकलंत का?', 'वन्सं, तुमचा हिरो आता म्हातारा झाला हो.' सगळं अहो-जाहो, आणि सगळं हसू दाबून. पुढे दर उन्हाळ्यात हाच खेळ. आधी गाणी ऐकायची, गोष्ट जुळवायची, मग बघायला जायचं आणि जिचं चुकलं तिने भांडी घासायची. भांडी बहुतेक ताईच घाशी.

दादाचं आणि वहिनीचं मात्र जमलं नाही. दोघंही माणसं वाईट नव्हती. दादा पंखे आणि कूलर दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांच्या घरी गोड बोलून यायचा आणि स्वतःच्या घरात शिरला की मुका व्हायचा. वहिनीला बोलल्याशिवाय जेवण जात नसे. आधी ती भांडली, मग रडली, मग तीही गप्प झाली, आणि ती गप्प झाली तेव्हाच ताईने ओळखलं होतं, की आता हे टिकत नाही. कागदावर सह्या झाल्या त्या दिवशी वहिनी बॅग घेऊन निघाली. ताई फाटकापर्यंत सोडायला गेली तर आईने आतून हाक मारून बोलावून घेतलं. संध्याकाळी आईने बजावलं की त्या घराशी आपला संबंध संपला. तिच्याशी बोलणं म्हणजे दादाच्या जखमेवर मीठ चोळणं. ताईने आईच्या समोरच तो नंबर फोनमधून काढून टाकला. तोंडपाठ असलेला नंबर काढून काय होणार म्हणा. पण तिने शब्द पाळला. सह्या नवऱ्याबायकोने केल्या, मग माझं माणूस कसं काय गेलं, हे विचारायची जागाच तिला कुठे सापडली नाही.

एकदाच, भर दुपारी, तिने तो नंबर लावला होता. एका पुरुषाने उचलला. "कोण हवंय?" त्याने नीट, मऊ आवाजात विचारलं. "बायको आत आहे, बोलावू का?" ताईने फोन ठेवून दिला. वहिनीने दुसरं लग्न केलंय हे तिला तेव्हा कळलं.

दीपस्तंभाचा सिनेमा लागला तेव्हा ताई सुट्टीच्या दिवशी दुपारच्या खेळाला एकटीच गेली. आईला सांगितलं, धाग्याची रिळं आणायला बाजारात जातेय. दिवे मालवले, पाट्या सरल्या, आणि ते गाणं सुरू होताच तिच्या मनात गोष्ट जुळायला लागली: हा दिवा लावणारा बापच असणार, आणि बोट आत येईल तेव्हा दिवा विझलेला असणार. मग तिने स्वतःलाच थांबवलं. चूक की बरोबर हे कोणाला दाखवायचं?

मध्यंतरात ती बाहेर आली. खाण्याच्या काउंटरपाशी गर्दी होती, आणि गर्दीच्या कडेला, हातात दोन थंड बाटल्या धरून, वहिनी उभी होती.

थोडी भरली होती. केस आखूड केले होते. तिनेही पाहिलं. बाटल्या तशाच हातात धरून ती दोन पावलं पुढे आली आणि मग थांबली.

"बऱ्या आहात ना?" तिने विचारलं.

पूर्वीही ती 'तुम्ही'च म्हणायची. पण त्यात थट्टा असायची. आज त्यात थट्टा नव्हती; रस्त्यात भेटलेल्या ओळखीच्या बाईला म्हणतात तसं ते 'तुम्ही' होतं. ताईने बरी आहे म्हणून सांगितलं. आई कशी आहे, वहिनीने विचारलं. गुडघे धरलेत, ताई म्हणाली. दादाचं कोणी विचारलंही नाही आणि सांगितलंही नाही. दोघींना एवढं बोलायचं होतं, की एकही गोष्ट दुसरीच्या आधी बाहेर येईना.

तेवढ्यात गर्दीतून एक तरुण मुलगी खाऊचा पुडा घेऊन आली आणि हक्काने वहिनीच्या खांद्याला टेकून उभी राहिली. चेहरा हसरा, बोलणं भरभर.

"वहिनी, ह्या कोण गं?"

वहिनीने ताईकडे पाहिलं. त्या क्षणात ताईने हजार नाती चाचपून पाहिली असतील. मैत्रीण म्हणावं तर ते अपुरं, आणि 'वन्सं' म्हणावं तर ते नाव या मुलीचं होतं आता.

"आम्ही पूर्वी एका घरात राहायचो," वहिनी शेवटी म्हणाली.

"म्हणजे भाडेकरू होतात का तुम्ही?" मुलीने ताईला विचारलं.

वहिनीची मान खाली गेली होती. नवीन घरात तिने जुन्या घराचं किती सांगितलं होतं, किती नव्हतं, ताईला काय ठाऊक?

"हो," ताई म्हणाली. "आम्ही वर राहायचो."

मुलीचं समाधान झालं. तिने पुडा पुढे केला, घ्या म्हणाली, आणि ताईने एक घास घेतला. मग ती कौतुकाने सांगू लागली, की आमच्या वहिनीला गाण्यावरून सगळी गोष्ट कळते. बाप मरणार आणि दिवा विझणार हे तिने घरी गाणं ऐकूनच सांगितलंय, आता बघा खरं होतं की नाही.

"असं?" ताई म्हणाली.

घंटा झाली. मुलगी पुढे पळाली. वहिनी एक पाऊल मागे राहिली आणि तिने बाटलीच्या गारव्याने ओला झालेला हात ताईच्या मनगटावर ठेवला.

"फार चांगली मुलगी आहे ती," ती हळूच म्हणाली, जणू माफी मागत होती.

"दिसतंय ना," ताई म्हणाली. "जा, सुरू होईल."

ताईने उरलेला सिनेमा पाहिला, पण कोणी विचारलं असतं तर पुढे काय झालं ते तिला सांगता आलं नसतं. शेवटच्या पाट्या लागायच्या आधीच ती उठून बाहेर पडली. वाटेत आठवणीने रिळं घेतली.

घरी दादा कामावरून लवकर आला होता. ओट्यापाशी उभ्याउभ्या चहा पीत होता. आई आतल्या खोलीत पडली होती. ताईने पिशवी ठेवली आणि कसं कोण जाणे, बोलून गेली.

"वहिनी भेटली."

कित्येक दिवसांत त्या घरात हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. दादाने कप खाली ठेवला. तिला वाटलं, आता हा निघून जाईल.

"बरी आहे?" त्याने विचारलं.

"बरी आहे."

तो थोडा वेळ ओट्यावरचा चहाचा डाग बोटाने पुसत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही दोघी बोलत असालच की फोनवर. मला वाटायचंच. फक्त माझ्यासमोर विषय काढत नसाल."

ताईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"मी कशाला बोलेन?" ती म्हणाली. "आई म्हणाली, तुला त्रास होईल."

"मला?" दादाने तिच्याकडे पाहिलं. "अगं, तुमच्या दोघींचं जमायचं, त्याचाच तर या घरात आधार होता. मला बोलायला जमलं नाही, म्हणून तू का थांबलीस? मी तुला कधी नको म्हटलं होतं का?"

त्याने म्हटलं नव्हतं. एकदाही नाही. तीच सगळा वेळ त्याच्या मुक्या चेहऱ्यावरून त्याचं मन वाचत बसली होती, आणि तिने सरळ विचारलं असतं तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं. आता उत्तर मिळालं होतं, पण तिकडे तिची जागा भरली होती. भरली होती तीही चांगल्या, हसऱ्या, निष्पाप मुलीने, जिच्यावर धड रागावताही येत नव्हतं.

"मग आता कर की फोन," दादा म्हणाला.

"आता नको," ताई म्हणाली. "आता तिला घरी सांगावं लागेल, फोन कोणाचा आहे ते."

दादाला ते कळलं की नाही, कोण जाणे. त्याने कप विसळून पालथा घातला, पाने-पकडींची पिशवी उचलली, कोणाच्या तरी घरी कूलर बंद पडलाय म्हणाला आणि निघून गेला. आतून आईने विचारलं, रिळं मिळाली का. मिळाली, ताई म्हणाली, आणि ती पिशवीतून काढून रंगांप्रमाणे लावू लागली.