पुढच्या चाकाला समुद्र हवा

मी सायकल बोलतेय, आणि घाईत बोलतेय. दार सताड उघडं आहे, माझं तोंड दाराकडे आहे, कॅरिअरवर अर्ध्या पिशव्या बांधून झाल्या आहेत. माझी मालकीण दोरी शोधायला आत गेली आहे. दोरी ती कधीच एका जागी ठेवत नाही, म्हणून मला एवढा तरी वेळ मिळाला. तेवढ्यात सांगून टाकते.

जन्माचं फार सांगण्यासारखं नाही. आम्हा सगळ्यांचं सारखंच असतं: लोखंडी नळ्या, रंगाची भट्टी, पुठ्ठ्याचं खोकं. दुकानात मला हुकाला टांगलं होतं. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक दोन गोष्टी हमखास करायचं, अंगठ्याने टायर दाबायचं आणि घंटी वाजवायचं. त्यातून माणसांना काय कळतं, देव जाणे. सगळे मान डोलवायचे आणि किंमत ऐकून निघून जायचे. एक मुलगी मात्र आली आणि तिने यातलं काहीच केलं नाही. तिने फक्त विचारलं, "ही खूप लांब जाईल का हो?"

"तुम्ही न्याल तितकी," दुकानदार म्हणाला. तिथेच आमचं जमलं.

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. दुसऱ्यांना लांबचं दिसावं म्हणून दिवसभर एका स्टुलावर बसून राहायची, आणि स्वतः घर ते दुकान, दुकान ते घर. वडील तिला भिंगरी म्हणत, कारण लहानपणी ती जेवतानासुद्धा एका जागी बसत नसे. वडील प्लंबर. गावातल्या निम्म्या घरांचे नळ त्यांनीच बसवलेले, आणि गंजाशी त्यांचं जुनं वैर. माझ्या एखाद्या नटावर लाल ठिपका दिसला, की हातातला चहा खाली ठेवून तेलाची बाटली आणायचे.

एका संध्याकाळी भिंगरीने जाहीर केलं, की ती सायकलवरून देश ओलांडणार. या समुद्रापासून थेट त्या समुद्रापर्यंत.

"का, तिकडे बस जात नाही वाटतं?" आत्याबाईंनी विचारलं. आत्याबाई म्हणजे वडिलांची मोठी बहीण. घरातली सगळी उत्तरं त्यांच्याकडे तयार असतात.

दुसऱ्या दिवशी कामावर न जाता वडिलांनी माझा एकेक नट तपासला आणि शेवटी एवढंच म्हणाले, "पोचलीस की पहिला फोन मला."

तिचा बेत असा होता: निघताना माझं मागचं चाक समुद्रात बुडवायचं, पोचल्यावर पुढचं. तिने मला उलटं ढकलत फक्त मागचं चाक लाटेत बुडवलं आणि आठवण राहावी म्हणून ते चाक धुतलंसुद्धा नाही. आठवण तिची आणि खाज माझी! काही दिवसांतच मागच्या तारांवर गंज धरला. पण खरं सांगते, मला त्या गंजाचा तोरा होता. पुढच्या चाकाला मी रोज बजावायची, जरा दम धर, तुझीही पाळी येणार आहे.

काय दिवस होते ते! मोकळ्या माळावर समोरून वारा आला, की आम्ही पायी चालणाऱ्यांपेक्षाही हळू. तेव्हा ती वाऱ्याला मोठमोठ्याने शिव्या द्यायची आणि आजूबाजूला कोणी नाही ना, हे नंतर बघायची. कधी शाळेच्या ओट्यावर झोपलो, कधी पेट्रोल पंपामागे. घाटात माझी चेन तुटली, तेव्हा एका ट्रकवाल्याने गाडी थांबवली, हात काळे करून ती जोडून दिली आणि जाता जाता टायर दाबून गेला. जिथे थांबू तिथे एकच प्रश्न: "कशासाठी?" तिला कधी धड उत्तर देता आलं नाही. एका चहावालीला मात्र ती म्हणाली, "मावशी, मला बघायचंय, रस्ता खरंच संपतो का ते." चहावाली म्हणाली, "संपला तर सांग हो, मला पण निघायचंय."

मग एका सकाळी वाऱ्याला खारट वास आला. रस्त्याला फाटा फुटला होता आणि पाटीवर बंदराचं नाव होतं. भिंगरी उतरली, पाटीला हात लावून हसली. तेवढ्यात तिच्या दादाचा फोन आला. बाबांना झटका आलाय, उजवी बाजू गेलीय, वाचा गेलीय.

तिने फोन खिशात टाकला. मग मला वळवलं.

मला राग आला, खोटं कशाला बोलू? आजारपण म्हणजे काय, हे सायकलीला कसं कळणार? मला एवढंच कळत होतं, की समुद्राचा वास पाठीमागे पडत चाललाय. परतीच्या वाटेवर मला बसच्या टपावर आडवं बांधलं होतं, आणि पुढचं चाक वाऱ्याने आपलं आपण फिरत होतं.

घरी पोचलो तोवर गोंधळ होऊन बसला होता. शुद्धीवर आल्यावर वडिलांनी तोंडातल्या तोंडात पहिला शब्द काढला तो "पोचली?" आणि उशाशी बसलेल्या आत्याबाईंनी चष्मा पुसत सांगून टाकलं, "पोचली रे, पोचली. समुद्रात चाक बुडवून आली." वडील अर्ध्या ओठांनी हसले. ते हसू कोण पुसणार? दादा गप्प बसला आणि भिंगरीही. मग भेटायला येईल त्याला वडील अडखळत सांगायचे, "माझी पोर... देश ओलांडून आली." पाहुणे तिची पाठ थोपटायचे, माझी घंटी वाजवायचे, आणि ती मान खाली घालून चहा ठेवायला आत पळायची.

पुढे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, की वडिलांनी रोज पेडल मारायला हवं. ओळखीच्या वेल्डरने लोखंडी घोडा बनवून दिला. त्यात माझं मागचं चाक अधांतरी आवळलं, पुढच्याखाली लाकडाचा ठोकळा दिला, आणि देश ओलांडायला निघालेली मी खिडकी आणि कपाट यांच्यामध्ये उभी राहिले. चाक फिरायचं, पण समोरचं कपाट काही मागे जायचं नाही. माझा जीव नुसता मेटाकुटीला यायचा.

वडिलांचा उजवा पाय पट्ट्याने पेडलला बांधायचे. सुरुवातीला अर्धा फेराही होत नसे. मग त्यांनी एक युक्ती काढली. बसले, की भिंगरीला विचारायचे, "आज कुठपर्यंत?" आणि ती शेजारी उभी राहून प्रवास सांगायची. आज माळ, उद्या घाट, परवा ट्रकवाला. वाऱ्याचं सांगितलं की ते जोर लावायचे, उताराचं सांगितलं की पाय सैल सोडायचे. माझा राग कधी गेला ते मलाच कळलं नाही. त्या दुबळ्या पायाचा भार रोज तसूभर वाढायचा आणि मला बरं वाटायचं. फक्त एकच धास्ती होती. गोष्ट रोज पुढे सरकत होती, आणि पुढे तो फाटा होता.

फाटा परवा आला. भिंगरीने गोष्ट तशीच पुढे नेली. म्हणाली, वाळू आली, लाटा आल्या, कोळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पुढचं चाक पाण्यात घातलं. बोलताना ती आमच्यापैकी कोणाकडेच बघत नव्हती.

वडिलांनी पेडल थांबवलं. "उतरव मला."

ते स्टुलावर बसले. त्यांनी माझ्या मागच्या तारांवरून बोट फिरवलं आणि लाल झालेलं बोट तिला दाखवलं. मग पुढच्या तारांवरून फिरवलं. बोट स्वच्छ.

"इथला गंज कुठाय?"

भिंगरी रडायलाच लागली. "बाबा, तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात. रोज समोर हेच चाक बघतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तू पुढे सांगितलंच नसतंस." त्यांनी दम घेतला. "आणि मला... जायचं होतं ना तुझ्याबरोबर."

आत्याबाई दारात येऊन उभ्या होत्या. "अरे, मी आपलं चांगल्यासाठीच..."

"तू चष्मा पूस," वडील म्हणाले. सगळे हसले, भिंगरीसुद्धा, रडता रडता.

मग वाद सुरू झाला. ती म्हणे, सायकल नेली तर तुमच्या पायाचं काय? ते म्हणत, पाय माझा आहे, सायकल तुझी आहे. मी काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत चालेन, दादा असेल सोबत. ती हट्ट सोडेना, तेव्हा त्यांनी वाद घालणंच सोडलं. पाना मागवला आणि घोड्याचा नट सोडायला घेतला, तोही उजव्या हाताने. पाना घसरायचा, ते पुन्हा लावायचे. दादा मदतीला वाकला, त्याला डोळ्यांनीच मागे सारलं. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी नट करकरला, आणि माझं मागचं चाक जमिनीला टेकलं. इतक्या दिवसांनी जमीन! मला ओरडावंसं वाटलं.

तर हे असं आहे. जिथून परत फिरलो त्या फाट्यापर्यंत बसच्या टपावरून जायचं आणि तिथून पुढे आपल्या चाकांवर. पुन्हा टप आहे, पण चालेल, मी काही बोलणार नाही. तुमच्या जिन्याखाली माझी एखादी बहीण कपडे वाळत घालायला उभी असेल, तर तिच्या अंगावरचे कपडे तेवढे काढा आणि तिला निदान कोपऱ्यापर्यंत नेऊन आणा. टायर दाबून निघून जाऊ नका.

दोरी सापडली वाटतं. वडीलही काठी टेकत दाराशी आलेत. सवयीने तेलाची बाटली हातात आहे. त्यांनी चेनला तेल दिलं, हँडलला दिलं, मागच्या तारांना दिलं, आणि पुढच्या चाकापाशी येऊन बाटलीचं झाकण लावून टाकलं.

"याला गंजवून आण," म्हणाले.

निघाले मी.