खारे बांगडे आणि शीळ

आधी फक्त ऐक, दिया. मध्ये बोलायचं नाही, फोन उलटा ठेव, आणि तो चिप्सवाला पराठा तूच खा. ऐक.

तर मी बोटीवर. अथेन्सच्या बंदरातून बोट सुटलीये, मी वरच्या डेकवर, पाणी असलं निळं की फिल्टर लावायला लाज वाटेल, आणि माझ्या दोन्ही बाजूंचे बाक रिकामे. म्हणजे आधी भरलेले होते, नंतर रिकामे झाले. पहिले एक आजोबा उठले. मग एक जर्मन कपल. मग एका बाईने बाळाच्या नाकावर स्कार्फ धरला आणि माझ्याकडे असं बघितलं ना, मला वाटलं आता कॅप्टनला बोलावते. कारण माझ्या मांडीवर बॅकपॅक, आणि बॅकपॅकमध्ये वासंतीकाकूचे खारे बांगडे.

हसू नकोस! सांगते ना.

वासंतीकाकू आठवते? आमच्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर. टेलरिंगच्या दुकानात काम करते आणि घरी पण शिवते. तुझा फेअरवेलचा ब्लाउज तिनेच वाचवला होता. राजाभाऊकाका तिचे मिस्टर. ते नाही आठवणार तुला. ते कोणालाच आठवत नाहीत. शारजाच्या एका वर्कशॉपमध्ये बोटी रंगवायचे, लिफ्टमध्ये भेटले की मान हलवायचे, सुट्टी असली की झोपायचे. आई म्हणायची, राजाभाऊ म्हणजे घरातला फ्रिज, चालू होता हे बंद पडल्यावर कळतं. दोन वर्षांपूर्वी कोणा ग्रीक कस्टमरने त्यांचं काम बघितलं आणि आपल्या भावाच्या बोटींच्या कारखान्यात बोलावून घेतलं. एयिना नावाचं बेट आहे, तिथे. गेले. बिल्डिंगला महिनाभर पत्ता नव्हता.

आणि मी एक सेमिस्टर अथेन्सला जाणार हे कळलं मात्र, आपल्याकडचा नियम तुला माहितीये. कोणी जाणारं आहे? घ्या पार्सल. ते बांगडे आधी देवगडहून कोणाच्या तरी बॅगेतून इथे दुबईत, करामाला आले होते, आता माझ्या बॅगेतून पुढे. सात पिशव्या, वर टॉवेल, वर टेप. मी म्हटलं, "काकू, एअरपोर्टवर अडवतील."

"अडवत नाहीत गं. मासे चालतात, मी विचारलंय. आणि बस जरा, काम आहे."

मशीन बंद केलं तिने. ती मशीन कधी बंद करत नाही, बोलताना पण पाय चालू असतो.

"शारजाचा बॉस विचारतोय, राजाभाऊ परत येतात का. डिसेंबरपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणालाय. मी ह्यांना अजून सांगितलं नाही. सांगितलं तर लगेच बॅग भरतील, माझ्यासाठी. फोनवर रोज तेच, जेवणाला चव नाही, करमत नाही, हात दुखतात. खरं किती आणि माझ्या समाधानासाठी किती, कसं कळायचं? तू डोळ्यांनी बघून ये. हाल असतील तर बोलावून घेते."

"आणि मजेत असले तर?"

तिने दातांनी दोरा तोडला. "मग बघू. पण फोनवर नको, इथे येऊन सांग." मी निघाले तर दारात परत थांबवलं. "अस्मी, शीळ घालतात का तेवढं बघ. देवगडला होड्या रंगवताना घालायचे. आमचं लग्न जमलं ते त्या शिळेपायी. इथे आले आणि बंद झाली. मी पण कधी विचारलं नाही."

आता मला सांग, विसाव्या वर्षी कोणाला असलं काम देतात का? मी एक्स्चेंज स्टुडंट, मला हिस्टरीचे पेपर लिहायचेत, आणि माझ्याकडे एका माणसाची शीळ तपासायची ड्यूटी!

अर्थात मी लांबवलं. पार्सल कपाटात. मग माझी रूममेट एलेनी म्हणाली, "अस्मी, समथिंग हॅज डाइड इन अवर रूम." मग पार्सल बाल्कनीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीत गल्लीतली सगळी मांजरं, रांगेत बसलेली, शांत, रेशनच्या दुकानासारखी. एलेनी म्हणाली, तू किंवा तो टॉवेल, एक जण जाणार. तर शनिवारी मी बोटीवर.

बेट, दिया! उतरल्या उतरल्या पांढरं छोटं चर्च, मग पिस्त्यांची दुकानं, पिस्त्याचं आइस्क्रीम, पिस्त्याचं लोणीसुद्धा. मी सगळं चाखत चाखत किनाऱ्याने चालत गेले, कारण काकांनी मेसेज केला होता की सरळ ये, बोटी उलट्या दिसल्या की थांब. बोटी दिसल्या. काका नाही दिसले. पण शीळ ऐकू आली.

खरंच. आधी शीळ. मोकळी, लांब, मध्येच गिरकी घेणारी, कसलीतरी तिथलीच चाल. मी उभीच राहिले. बोटीच्या पोटाखाली दोन पाय, निळ्या रंगाने माखलेले, आणि शीळ त्या पायांच्या वरून कुठून तरी येत होती.

"राजाभाऊकाका?"

शीळ थांबली. डोकं बाहेर आलं. दाढी वाढलेली, पांढरी, चेहरा उन्हाने तांबडा. "इलस काय गो चेडवा!" आणि हे एवढं मोठं हसले. मी त्या माणसाचे दात पहिल्यांदा बघितले, शप्पथ.

पार्सल उघडल्यावर त्यांनी डोळे मिटून वास घेतला. ज्या वासाला लोक बाक सोडून पळाले ना, तो वास. मग शेडच्या मागे शेगडी पेटवली, बांगडे भाजले, कांदा कापला, लिंबू पिळलं. कारखान्याचा मालक, म्हातारा यानिस, हातात पाव घेऊन आला. शेजारचा कोळी आला. एक पाद्रीबुवा काळ्या झग्यात सायकलवरून चालले होते, तेही थांबले. सगळे "राजा, राजा" करत बोटं चाटत होते. काका त्यांना ग्रीकमध्ये काहीतरी सांगत होते, हात हलवून, आणि लोक हसत होते. आपले लिफ्टवाले काका जोक सांगत होते, दिया!

जेवण झालं, यानिस शेडमध्ये घोरायला लागला, आणि काका कपड्यानिशी उतरावरून सरळ पाण्यात. बुडी मारली ते पार लांब जाऊन वर आले. मी ओरडले, "दुबईत कधी पोहलात का हो?"

"नाही गो. तिथे सुट्टी म्हणजे झोप. इथे दुपारी सगळेच झोपतात, मग मला एकट्याला समुद्र मिळतो."

नंतर स्कूटरवर मागे बसवून मला डोंगरावर नेलं. वाटेत सगळ्या पिस्त्यांच्या बागा, झाडं बुटकी, आपल्या काजूसारखी पसरलेली. वर जुनं देऊळ, नुसते खांब, मध्ये आकाश. मी गाइडच्या थाटात सुरू केलं, काका, हे अडीच हजार वर्षांपूर्वीचं वगैरे. बघते तर ते बूट काढत होते.

"काका, हे मॉन्युमेंट आहे. बूट चालतात."

"देऊळ आहे ना?"

"हो, पण आत देव नाहीये आता."

"देव फिरायला गेला असेल. म्हणून आपण बूट घालून त्याच्या घरात जायचं?" गेटवरच्या बाईला हे सगळं माहीत असणार. तिने बूट ठेवायला स्टुलाखाली जागा करून दिली. मग काय, मी पण काढले. दगड गरम होते, छान वाटलं. तिथे एक शाळेची सहल आली होती, त्या मुलांनी आम्हाला बघून पटापट बूट काढायला सुरुवात केली, आणि त्यांची टीचर, अगं, तिचा चेहरा!

बरं, आता मेन पॉइंट. परतीच्या बोटीला वेळ होता, आम्ही धक्क्यावर बसलो होतो. मी शारजाच्या जागेबद्दल एक अक्षर बोलले नव्हते, काकूनेच त्यांना सांगितलं नव्हतं ना. पण माणूस येडा नाही. स्वतःच म्हणाले, "तुला बघायला पाठवलंय ना तिने?"

मी बॅकपॅकची चेन उघडबंद करत बसले.

"मग बघितलंस. मी इथे खुशीत आहे. फोनवर तिला कसं सांगू? तिला वाटेल, माझ्याशिवाय खुशीत. तसं नाही गो. तिच्याशिवाय आहे, आणि खुशीत आहे. दोन्ही खरं आहे, पण फोनवर एका वाक्यात बसत नाही."

"मग मी काय सांगू?"

"तुला दिसलं ते सांग. नाहीतर नको सांगू. ती 'या' म्हणाली तर मी त्याच दिवशी निघणार, एवढं मात्र नक्की सांग." आणि मला पिस्त्यांची पिशवी दिली, काकूसाठी. एक पार्सल गेलं की एक परत येतंच.

तर काल मी आले, आणि आज सकाळी वर गेले काकूकडे. लिफ्टमध्ये ठरवून टाकलं होतं की गोड गोड बोलायचं. ठीक आहेत, तुम्हाला मिस करतात, जेवणाचे जरा हाल आहेत. म्हणजे काकू बोलावणार, काका येणार, दोघं एकत्र, खलास, हॅपी एंडिंग. काकूने आत घेतलं, पाणी दिलं. मी सुरू केलं, ठीक आहेत, मिस करतात, ते 'या' म्हणालात तर निघतोवालं पण सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. पिस्ते वाटीत ओतले. मग म्हणाली, "आणि शीळ?"

दिया, मला नाही जमलं. तोंडातून निघून गेलं. "घालतात काकू. मला ते दिसायच्या आधी शीळच ऐकू आली."

हातातला पिस्ता तिने परत वाटीत टाकला. मग म्हणाली, "कुठली?"

"म्हणजे?"

"चाल कुठली? गुणगुणून दाखव."

मी दाखवली, येईल तशी. तिने मान तिरकी करून ऐकली. म्हणाली, "ही नाही. ही नवीन दिसतेय."

मग तिने फोन उचलला, माझ्यासमोरच. "सर, वासंती बोल रही हूँ. राजाभाऊ का नहीं होगा. नहीं सर, तबियत एकदम अच्छी है. आप दुसरा आदमी देख लो." आवाज अगदी नेहमीचा, एखाद्या बाईला ब्लाउज उद्या मिळेल सांगते तसा. फोन ठेवला. मला म्हणाली, "परत म्हण बघू ती."

मी परत गुणगुणले. तिने ओठांचा चंबू केला आणि फुंकर मारली. नुसती हवा. परत मारली, परत हवा. स्वतःशीच हसली, ओठांवरून पदर फिरवला, मशीनपाशी बसली आणि पाय चालू केला. मी जिना उतरून खाली येईपर्यंत ते मशीन ऐकू येत होतं, मध्ये मध्ये थांबत होतं, आणि ते थांबलं की मला कळत होतं की ती परत ट्राय करतेय.

मी ते एक वाक्य गिळलं असतं ना, तर पुढच्या महिन्यात काका आमच्या लिफ्टमध्ये असते, मान हलवत. काकूच्या घरात दोन ताटं असती.

काही बोलू नको म्हटलं होतं, आता बोल. तुला विचारलं असतं तिने, वाटीत पिस्ते ओतता ओतता, तर तू काय सांगितलं असतंस?